सुई घासू नका, विंचरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या बालपुरवणीत 'घरच्या घरी होकायंत्र' अशी एक चौकट आली होती. चित्र छान होतं. भांड्यात पाणी, पाण्यावर पान, पानावर सुई. मजकूर जेमतेम सात-आठ ओळींचा. त्यात सुईवर लोहचुंबक ५० वेळा पुढे-मागे घासायला सांगितलं होतं. माझं भांडण त्या 'पुढे-मागे'शी आहे, आणि थोडंसं चौकटीच्या शेवटच्या ओळीशी. तिच्याकडे नंतर येतो.

मी शास्त्रज्ञ वगैरे कोणी नाही. अलिबाग तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात ३३ वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. मुलं 'लॅबवाले काका' म्हणायची. शिकवायचे सर, पण ज्या वस्तूंवर शिकवायचं त्या सकाळी चालू स्थितीत टेबलावर मांडणं माझ्याकडे. फिजिक्सच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. त्यामुळे चुंबकाशी माझा संबंध पुस्तकातून कमी आणि बोटांतून जास्त आला.

माझी नात डोंबिवलीहून सुट्टीला आली आहे, आता पाचवीत जाईल. चौकट वाचून तिने आजीची सुई घेतली, फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढलं आणि मोजून ५० वेळा पुढे-मागे घासलं. स्टीलच्या परातीत पाणी घेतलं, जास्वंदीच्या पानावर सुई ठेवली आणि शूटिंग करायला मोबाईल परातीला टेकवून उभा केला. पान आधी भिंतीकडे बघत बसलं. बोटाने फिरवलं तर जिथे फिरवलं तिथेच राहिलं, मग सावकाश परातीच्या काठाला जाऊन चिकटलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आबा, पेपरात खोटं लिहिलंय."

४० वर्षं तुमचा पेपर घेतो, त्यामुळे जरा लागलंच. "खोटं नाही गं," म्हटलं, "अर्धवट लिहिलंय."

मग दोघं ओट्यावर बसलो आणि काय काय बिघडलं ते शोधत गेलो. पहिला संशय चुंबकावर. फ्रिजवर जाहिरातीची ती पातळ रबरी चुंबकं असतात ना, त्यांना साध्या पट्टीचुंबकासारखी दोन टोकं नसतात. त्यांच्या पाठीवर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे बारीक पट्टे आखलेले असतात. खात्री करायची असेल तर अशी दोन चुंबकं पाठीला पाठ लावून सरकवून बघा. टक् टक् टक् अशी ठेचकाळत जातात. तेच ते पट्टे. आता असलं चुंबक सुईवर फिरवलं की एक पट्टा जे करतो ते पुढचा पट्टा उलटवतो. ५० वेळा करा नाहीतर ५०० वेळा.

हे तिला नुसतं सांगून पटेना, म्हणून वाळू आणली. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत काळ्या रेघा उमटतात. त्या काळ्या कणांत मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोखंडाचं खनिज, आणि ते चुंबकाला धावून चिकटतं. शाळेत लोहकीस संपला की मी हीच वाळू चाळून बाटलीत भरून ठेवायचो. बिल नको, कोटेशन नको. नातीची सुई त्या वाळूत लोळवून बाहेर काढली. नीट चुंबकित झालेल्या सुईला दोन्ही टोकांना दाढी फुटते आणि मधला भाग स्वच्छ राहतो. हिच्या सुईला टोकं कोरडी आणि मध्येच कुठे चार कण, कुठे दोन. ती बराच वेळ बघत राहिली.

दुसरं चुंबक माळ्यावर होतं, जुन्या रेडिओच्या स्पीकरचं, काळं, मेदूवड्यासारखं. त्याचे ध्रुव सपाट तोंडांवर असतात, एका तोंडाला एक आणि दुसऱ्या तोंडाला दुसरा. कुठलंही एक तोंड पक्कं करायचं आणि शेवटपर्यंत बदलायचं नाही.

आता घासण्याविषयी. आमच्या घरात सकाळी नातीची वेणी घालायचं काम आजीकडे असतं. मी तिला विचारलं, आजी कंगवा कसा फिरवते? मुळापासून टोकापर्यंत नेते, तिथून उचलते, हवेतून परत मुळाशी आणते. पुढे-मागे फिरवला तर? "गुंता होईल," ती म्हणाली. झालं! सुईचंही तेच. पोलादाच्या आत डोळ्याला न दिसणारी क्षेत्रं असतात, प्रत्येक क्षेत्र म्हणजे एक चिमुकला चुंबक, आणि सगळ्यांची तोंडं वाटेल तिकडे. चुंबकाचं एक तोंड सुईच्या नेढ्याशी टेकवायचं, तिथून टोकापर्यंत सावकाश ओढायचं, टोक ओलांडून थोडं पुढे जाऊ द्यायचं, मग उचलून लांबून वळसा घालून पुन्हा नेढ्याशी. ३०-४० वेळा असं विंचरलं की बरीचशी क्षेत्रं एका अंगाला वळतात. शाळेतल्या पोरांना मी इतकी वर्षं 'एकाच दिशेनं घासा' सांगत आलो आणि दरवर्षी निम्मी पोरं चुकायची. 'विंचरा' हा शब्द मला निवृत्तीनंतर सापडला. तोवर कंगवा फक्त स्वतःच्या टकलावर चालवला होता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पट्टीचुंबकाने पुढे-मागे घासलं तरी सुई अगदीच कोरी राहते असं नाही. शेवटचा हात जिकडे सुटतो त्याप्रमाणे थोडंफार चुंबकत्व येतं. पण पोरं कंटाळून शेवटचा हात सुईच्या मध्यावरच उचलतात. मग होतं काय, दोन्ही टोकांना एकच ध्रुव येतो आणि त्याचा जोडीदार मध्यभागी. अशी सुई पाण्यावर सोडली की बिचारीला कुठे वळावं ते कळत नाही. वाळूत लोळवलीत तर मधोमध दाढी दिसेल.

सुईसुद्धा बघून घ्यावी. शिवणाची सुई कडक पोलादाची असते, ती चुंबकत्व धरून ठेवते. यूपिन किंवा मऊ लोखंडाचा खिळा लगेच धरतो आणि लगेच सोडतो. पितळी टाचणी तर चुंबकाकडे ढुंकून बघत नाही. चुंबकित केलेली सुई फरशीवर आपटू नका आणि गॅसवर धरू नका, दोन्हीने ती विसरते. शाळेत आम्ही पट्टीचुंबकं जोडीने ठेवायचो, एकाच्या उत्तरेशेजारी दुसऱ्याची दक्षिण, मध्ये लाकडी पट्टी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाचे तुकडे. तशी न ठेवता ड्रॉवरमध्ये नुसती फेकली तर काही वर्षांत ती कागदावरचं वजन म्हणून वापरायच्या लायकीची उरतात.

परातीचा विषय राहिला. सगळं स्टील चुंबकाला चिकटत नाही, पण कुठलं चिकटतं ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. काचेचं बाऊल घ्या, चिनी मातीची बशी घ्या, आइस्क्रीमचा रिकामा डबाही चालेल. पाणी काठोकाठ भरा, इतकं की वर जरा फुगलेलं दिसेल, म्हणजे पान काठाला न जाता मध्ये राहतं. आणि मोबाईल लांब. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं.

इथे एक गावचा अभिमान सांगतो. अलिबागला समुद्राजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. ती मुळात मुंबईची. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. १८५९ च्या सप्टेंबरमधलं प्रचंड सौरवादळसुद्धा तिथल्या नोंदीत आहे. पुढे मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं. तारांतून वीज वाहणार म्हणजे भोवती चुंबकत्व आलं, आणि कुलाब्यातल्या नाजूक सुया थरथरणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी मोजणीसाठी अलिबाग निवडलं. इमारतीला पोरबंदरचा दगड आणला आणि जोडकामात लोखंड टाळून तांबं-पितळ वापरलं. १९०४ साली इथे काम सुरू झालं, दोन वर्षं दोन्ही ठिकाणी बरोबरीने नोंदी घेऊन ताळा पाहिला आणि मग कुलाब्याची मोजणी थांबवली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे ट्राम यायच्या आधी वेधशाळा हलली होती. हे नातीला सांगितलं तेव्हा तिने मुकाट्याने मोबाईल उचलला आणि आत नेऊन ठेवला.

आणि सुई वळली! पान जरा डुललं, उत्तर ओलांडून पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा थोडं पुढे, आणि थांबलं. तिने बोटाने उलटं फिरवलं तर परत तिथेच आलं. तिने हे ३० वेळा तरी केलं असेल. आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकत्वाची आडवी ओढ लंडनच्या जवळपास दुप्पट आहे. त्यामुळे हा प्रयोग इथल्या पोरांना तिकडच्या पोरांपेक्षा सोपा जायला हवा.

तेवढ्यात तिने असा प्रश्न विचारला की मी ३३ वर्षांत लॅबमध्ये ऐकला नव्हता. "उत्तर सुईला ओढते ना? मग पान उत्तरेच्या काठाला पोहत का जात नाही?"

उत्तर मला माहीत होतं, पण ते आमच्या एका सरांमुळे. लंडनजवळ रॉबर्ट नॉर्मन नावाचा एक कारागीर होऊन गेला, आधी खलाशी आणि मग होकायंत्रं बनवणारा. त्याला सोळाव्या शतकात हाच प्रश्न पडला होता. त्याने बुचात सुई खोवून पाण्यात सोडली आणि पाहिलं की ती वळते, पण कुठेही सरकत नाही. कारण पृथ्वी इतकी मोठी की सुईच्या दोन्ही टोकांना सारखाच जोर लागतो, एकाला उत्तरेकडे आणि दुसऱ्याला दक्षिणेकडे. ओढाताण फिटून जाते, उरतं ते फक्त वळणं. याच नॉर्मनची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. तो सुई आधी अणकुचीदार खुंटीवर अगदी समतोल बसवायचा आणि मग चुंबकित करायचा. दर वेळी चुंबकित झाल्यावर सुईचं उत्तरेचं टोक खाली झुकायचं. त्याला वाटायचं, आपलंच काम कच्चं. एकदा झुकलेलं टोक कापून समतोल साधायला गेला आणि जास्त कापलं गेलं. मेहनतीची सुई वाया गेली, डोकं फिरलं, आणि त्या रागातच तो त्या झुकण्याच्या मागे लागला. लंडनमध्ये सुई क्षितिजाखाली ७१ अंशांहून जास्त झुकते हे त्याने मोजलं आणि १५८१ साली छापलं. आपल्याकडे हा झोक ३० अंशांच्याही आत आहे, म्हणून पानावरची सुई आपल्याला तशी आडवीच दिसते. हातातली वस्तू बिघडल्यावर त्याने ती फेकून दिली नाही, एवढ्यावरून मला तो आमच्या बिरादरीतला वाटतो.

आता चौकटीची शेवटची ओळ. 'सुईचं कुठलं टोक उत्तरेकडे ते दुपारी बारा वाजताच्या सावलीवरून ठरवा, सावली उत्तरेकडे पडते,' अशा अर्थाचं होतं ते. संपादकसाहेब, मे अखेर चालू आहे. अलिबागला मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलै अखेरपर्यंत मध्यान्हीला तो आपल्या उत्तरेकडे असतो. म्हणजे सध्या इथे मध्यान्हीची सावली पडते दक्षिणेकडे, तीही वीतभर काठीची बोटभरसुद्धा नाही. तुमच्या बालवाचकाने आज सावली पाहून सुईच्या टोकाला लाल रंग लावला तर तो उलट्या टोकाला लागेल. डिसेंबरमध्ये हे वाक्य चाललं असतं. आम्ही सोपं केलं. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला उत्तर. पुण्या-नगरच्या मुलांनी सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करावं, डावीकडे उत्तर. महिन्यागणिक थोडा फरक पडेल, पण टोक उलटं ठरणार नाही.

टोक उलटं ठरल्याने काय होतं ते मी पाहिलं आहे, आणि त्यात दोष माझा होता.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. प्रयोग जुनाच, पट्टीचुंबकाचा एन ध्रुव उत्तरेकडे ठेवून भोवतीच्या चुंबकीय रेषा काढायच्या आणि न्यूट्रल पॉइंट, म्हणजे चुंबकाचा आणि पृथ्वीचा जोर जिथे एकमेकांना फेडतो त्या जागा, शोधायच्या. त्याला रुपयाएवढे छोटे कंपास लागतात. परीक्षेच्या दिवशी सकाळी कपाटातले दहाच्या दहा कंपास खिडकीत मांडून तपासायचा माझा नेम होता. त्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या चहाची धावपळ होती, सात तपासले आणि तीन तसेच ट्रेमध्ये टाकले. एक मुलगा तासभर मान मोडून काम करत होता. कागद सुबक, रेषा एकसारख्या, पण न्यूट्रल पॉइंट चुंबकाच्या अक्षावर आलेले, जिथे ते एन उत्तरेकडे असताना येऊच शकत नाहीत. ते बाजूला, पूर्व-पश्चिमेला यायला हवेत. परीक्षकांनी कागद पाहिला, चुंबक उलटा ठेवलास म्हणाले आणि लाल पेन काढलं. मुलगा म्हणाला, "सर, मी कंपास बघूनच ठेवला." आवाज रडवेला झाला होता.

मी मध्ये बोलायचं नसतं. तरी गेलो, विचारलं आणि त्याचा कंपास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. आमच्या खिडकीतून उत्तर अंगाला कनकेश्वराचा डोंगर दिसायचा. कंपासचं लाल टोक डोंगराकडे पाठ करून उभं! आदल्या दिवशी कोणीतरी जोरकस चुंबक त्याच्या अगदी अंगावर नेलं असणार. एवढीशी सुई, क्षणात तिचे ध्रुव उलटतात. मुलाने दक्षिणेला उत्तर समजून त्याप्रमाणे सगळं बिनचूक केलं होतं, म्हणजे त्याच्या मांडणीत न्यूट्रल पॉइंट अक्षावरच यायला हवे होते. परीक्षक सज्जन होते. त्यांनी पूर्ण गुण दिले. माझ्याकडे मात्र असं पाहिलं की ते अजून आठवतं. त्या कंपासवरून पट्टीचुंबक दोनदा ओढून मी त्याची सुई जागच्या जागी सरळ केली. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

म्हणून माझी विनंती अशी की येत्या रविवारी तेवढ्याच जागेत, तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती छापावी. 'पुढे-मागे'च्या जागी 'नेढ्यापासून टोकाकडे, उचलून परत' असं घालावं, फ्रिजचं रबरी चुंबक नको असं सांगावं आणि सावलीची ओळ काढावी. शिवाय यापुढे अशी चौकट छापण्यापूर्वी कार्यालयातल्या कोणीतरी तो प्रयोग एकदा टेबलावर करून बघावा. बशी, पाणी आणि सुई एवढाच खर्च आहे. टेबल मात्र लाकडी घ्या, लोखंडी टेबलावर तुमची सुई टेबलाचंच ऐकेल. पत्र लांबलं आहे. कात्री लावलीत तरी हरकत नाही, नॉर्मन कापा, माझी परीक्षा कापा, पण विंचरण्याचा परिच्छेद ठेवा.

एक मजा राहिली. आमच्या सौभाग्यवती गोधडी शिवताना चार-पाच टाक्यांनी सुई केसांतून फिरवतात, जुनी सवय. केसांच्या तेलाने सुई कापडातून सर्रकन जाते. ती तेलकट सुई दोऱ्याच्या दोन फासांत आडवी धरून हळूच पाण्यावर उतरवली तर पानाशिवाय तरंगते. पाण्याची त्वचा तिच्याखाली खोलगट दबलेली दिसते. बशीला भांडी घासायच्या साबणाचा अंश राहिला असेल तर मात्र बुडते. आमची दोनदा बुडाली, तिसऱ्यांदा तरंगली आणि सरळ उत्तर-दक्षिण झाली. नवऱ्याच्या ३३ वर्षांच्या नोकरीत ज्यांनी लॅबविषयी चकार शब्द विचारला नाही, त्या गोधडी बाजूला ठेवून बघत बसल्या होत्या.

नातीने आता घरातल्या वस्तूंची वही केली आहे. एकेक वस्तू बशीजवळ नेते आणि सुई हलते का ते लिहिते. विळी हलवते, अडकित्ता हलवतो, पितळी तांब्या नाही, देवघरातली घंटा नाही. काल बशी सांभाळत ती माझ्या खुर्चीपाशी आली, कारण दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा बदलला आहे आणि आत धातू आहे हे तिला कोणीतरी सांगितलं. बशी गुडघ्याला टेकवून ती श्वास रोखून बसली. सुई हलली नाही. तिने वहीत 'आबांचा गुडघा' असं लिहून पुढे फुली मारली आणि डाव्या गुडघ्याकडे वळली.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, अलिबाग